एकाच साच्याच्या सात मोहोरा

मी मोहोर बोलतेय. सोन्याची, पाच डॉलरची, अमेरिकेत पाडलेली. वय दोनशेच्या वर गेलंय. म्हातारी माणसं आपली कहाणी सांगायला बसली की हळवी होतात म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेली आहे, आणि जे सांगणार आहे ते त्याच रागाने सांगणार आहे.

१८०२ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. देश नवा होता, आणि साच्याला लागणारं चांगलं पोलाद मिळायची मारामार. आदल्या वर्षासाठी कोरलेला साचा तसाच पडून होता. तो टाकून देण्यापेक्षा कारागिराने सालातल्या शेवटच्या एकच्या आकड्यावरच दोनचा आकडा ठोकला. भिंग लावून पाहाल तर माझ्या दोनच्या आड तो जुना एक अजून उभा दिसेल. एका बाजूला टोपी घातलेली बाई, तिच्याभोवती तारे आणि 'लिबर्टी' हा शब्द. दुसऱ्या बाजूला ढाल घेतलेला गरुड. मी किती डॉलरची ते अंगावर कुठेच लिहिलेलं नाही. त्या काळी वजन हीच ओळख असायची.

माझा साचा तडकत चालला होता. टोपीच्या टोकापासून वरच्या काठाकडे त्याला केसासारखी चीर पडली होती. साच्याला चीर पडली की नाण्यावर ती बारीक उंचवट्यासारखी उठते. माझ्या आधी पाडलेल्या बहिणींच्या अंगावर ही रेघ जेमतेम सुरू झालेली दिसते. माझ्या अंगावर ती काठाला जाऊन टेकली आहे. माझ्यानंतरच्यांवर ती जाड होत गेली, आणि एक दिवस साचा फुटला. म्हणजे आम्ही एका साच्याच्या असलो तरी एकसारख्या कधीच नव्हतो. हे नीट ध्यानात ठेवा. पुढचं सगळं याच्यावरून झालं.

टांकसाळीतून निघाल्यावर मी कुठे गेले? दक्षिणेतल्या एका बंदरावर, एका माणसाच्या खरेदीत. खरेदी म्हणजे माणूस विकत घ्यायला आणखी नाण्यांबरोबर मला मोजून दिलं. डोक्यावर स्वातंत्र्य असा शब्द मिरवत मी त्या टेबलावर पडले. माझा राग तेव्हापासूनचा आहे. पुढे कापसाच्या सौद्यात एका स्कॉटिश कप्तानाच्या हाती लागले आणि ग्रीनॉकच्या बंदरात उतरले. तिकडे १८३४ मध्ये अमेरिकेने नाण्यांतलं सोनं कमी केलं. जुन्या मोहोरा खर्च करण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं ठरलं, आणि माझ्या बहुतेक बहिणी मुशीत गेल्या. कप्तानाच्या बायकोने मला शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवलं होतं. ती विसरली, म्हणून मी वाचले.

त्या घराण्यातला शेवटचा माणूस आर्ची. ग्लासगोच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता. त्याला जुन्या नाण्यांचं वेड होतं आणि मी त्याच्या वेडाची सुरुवात होते. मला तो खिशातल्या छोट्या डबीत घालून कामावर आणायचा आणि जेवणाच्या सुटीत ज्याला त्याला दाखवायचा.

१९७४ साली त्या लॅबमध्ये मिरजेहून शिकून आलेली एक डॉक्टर रुजू झाली. सुप्रभा तिचं नाव. बुटकी, कमी बोलणारी, चष्म्याआडून माणसाकडे सुद्धा स्लाइडकडे पाहावं तशी पाहणारी. आर्चीने तिला मला दाखवलं तेव्हा ती सुंदर वगैरे काही म्हणाली नाही. काठाला दोन बोटांनी धरून तिने मला मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

मग म्हणाली, "आर्ची, हा साचा आजारी होता. हे दुखणं पुढे वाढलं असणार."

चाळीस वर्षं आर्ची मला सांभाळत होता, पण ती रेघ त्याला ओरखडा वाटत होती. सुप्रभाने त्याला विचारलं, की याच साच्याची आधीची आणि नंतरची नाणी मिळाली तर चीर कशी वाढत गेली ते क्रमाने मांडता येईल का? तशी मांडणी कोणी केल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, की मग ते तूच कर. निवृत्त होताना त्याने मला तिलाच विकलं. दुसरं चांगलं गिऱ्हाईक होतं, त्याला नाही म्हणाला.

पुढची सव्वीस वर्षं सुप्रभाने माझ्या बहिणी शोधल्या. लिलावांचे कॅटलॉग मागवायचे, त्यातल्या धूसर फोटोंवर भिंग धरायचं, पत्रं लिहायची, उत्तराची वाट पाहायची. सुटीच्या दिवशीची जादा ड्यूटी करून तिने ही खरेदी केली. दोन झ्यूरिकहून आल्या, तीन न्यूयॉर्कहून, एक तर एडिनबरातल्या एका दाताच्या डॉक्टरकडे निघाली. सगळ्या मिळून सात झालो. तिने लाकडी कपाटाच्या एका खणात सात गोल खाचा करून घेतल्या आणि चिरेच्या क्रमाने आम्हाला बसवलं. मी चौथी.

रविवारी सकाळी ती आम्हाला बाहेर काढायची. कधी घासलं नाही, कधी पुसलं नाही. दोनशे वर्षांत अंगावर जो तांबूस थर चढतो, ती नाण्याची कातडी असते. ती सोलायची नसते हे तिला सांगावं लागलं नाही.

आता तिच्या नवऱ्याविषयी. डॉ. श्रीनिवास, हाडांचा सर्जन. उंच, गोरा, गडगडाटी हसणारा. ग्लासगोच्या मराठी मंडळींत त्याच्याशिवाय पान हलत नसे. गणपतीत आरती तो सांगणार, नव्याने आलेल्या डॉक्टरला घर तो शोधून देणार, कोणाच्या आईला विमानतळावर आणायला तोच जाणार. वाईट माणूस म्हणता येणार नाही. हीच माझी अडचण आहे, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

पाहुणे आले की तो आमचा खण उपसून दिवाणखान्यात आणायचा. पहिली काही वर्षं म्हणायचा, "आमच्या हिचा छंद." मग "आमचं कलेक्शन" झालं. नव्वदनंतर कधीतरी ते "माझं कलेक्शन" झालं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्याबद्दल तो जे सांगे ते सगळं सुप्रभाकडून ऐकलेलं, आणि त्यातलंही अर्धं चुकीचं. सांगताना माझ्या तोंडावर अंगठा रोवून मला सगळ्यांकडे फिरवायचा. सुप्रभा चहाचा ट्रे घेऊन येई, हळूच म्हणे, "काठाला धरा हं." तो हसायचा. पाहुणेही हसायचे. ती चहा देऊन आत जायची.

खरं सांगते, त्या वेळी मला त्याच्यापेक्षा तिचाच राग यायचा. लॅबमध्ये मोठमोठ्या सर्जनांना ती सांगायची की तुमचं निदान चुकलंय. घरी मात्र तिला एवढंही म्हणता येत नव्हतं की हे माझं आहे, खाली ठेवा.

२००६ साली त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. देविका त्यांची एकुलती एक. ग्लासगोत जन्मली, लंडनला वकील झाली. मुलगा अंशुमन, लंडनच्या पिनर भागातला, तिथल्याच एका मराठी कुटुंबातला. लग्न ऑगस्टमध्ये जवळच्याच हॅरोला व्हायचं होतं. त्याच वर्षी नाणेसंग्राहकांच्या लंडनमधल्या एका संस्थेने सुप्रभाला पत्र पाठवलं होतं. चिरेच्या क्रमावर तिने लिहिलेला निबंध त्यांनी वाचला होता, आणि नोव्हेंबरमध्ये सातही नाणी घेऊन यावं, सभेपुढे क्रम मांडून दाखवावा अशी विनंती केली होती. तिचे पहिल्या तीन नाण्यांचे मोठे फोटो काढून झाले होते. उरलेल्या चारांचे लग्न उरकल्यावर काढायचे असं तिने ठरवलं. पत्र तिने श्रीनिवासला दाखवलं होतं. तो म्हणाला होता, "व्हेरी गुड. लग्नाचं होऊन जाऊ दे, मग बघू."

जुलैमधल्या एका बुधवारी सकाळी ती हॉस्पिटलला गेली होती. श्रीनिवासने कपाट उघडलं. सातही जणींना एका रुमालात गोळा केलं, गाठ मारली आणि कोटाच्या खिशात टाकलं. बायकोला त्याने सांगितलं होतं की लंडनला हॉलची व्यवस्था बघायला चाललोय. ग्लासगो ते लंडन आम्ही त्या रुमालात एकमेकींवर घासत गेलो. सव्वीस वर्षं आम्हाला एकमेकींचा स्पर्श होऊ दिला नव्हता तिने.

तो थेट लंडनच्या इल्फर्ड भागात गेला. तिथे दागिन्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ज्ञानेश्वर नावाचे कारागीर बसायचे. मूळचे कोल्हापूरकडचे, साठीचे, हात अतिशय चांगला. श्रीनिवासने रुमाल सोडला आणि सांगितलं, की मुलीसाठी पुतळीहार करायचाय. प्रत्येक नाण्याला वर एक कडी बसवायची आणि साखळीत ओवायचं. नाणी जरा मळकी दिसतात, तेव्हा झकास झिलई करायची.

ज्ञानेश्वरांनी मला उचललं. काठाला धरून उचललं, हे सांगायला हवं. उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, ही फार जुनी आहेत. डाग दिला की परत पहिल्यासारखी व्हायची नाहीत. घरी विचारलंय ना?"

"घरचीच तर आहेत," श्रीनिवास म्हणाला. "मिसेसला सरप्राइज द्यायचंय."

ज्ञानेश्वरांनी आणखी एकदा त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचा माल, गिऱ्हाइकाची मर्जी. ते कामाला लागले.

जोडकामाला सोनार डाग म्हणतात. ठीकच म्हणतात. माझ्या डोक्यावर, टोपीच्या बरोबर वर, जिथे ती चीर काठाला मिळते, तिथे त्यांनी टाकणखार लावला, कडी टेकवली आणि ज्योत धरली. मी आगीतूनच जन्मलेली, मला आगीची भीती नाही. पण ती आग मला घडवायला होती. ही आग मला कशाला तरी टांगायला होती. वितळलेला डाग पसरला आणि चिरेचा शेवटचा भाग त्याखाली गडप झाला. मग झिलईचं चाक आलं. दोनशे वर्षांची कातडी दोन मिनिटांत गेली. दोनच्या आडचा एक पुसट झाला. सातही जणींचं हेच झालं, आणि काम संपल्यावर आम्ही खरोखरच एकसारख्या दिसायला लागलो.

लग्न थाटात झालं. अक्षता पडल्या, हार घातले गेले, आणि जेवणापूर्वी श्रीनिवासने माइक हातात घेतला. त्याने आपल्या आईची गोष्ट सांगितली. तिचा पुतळीहार होता, तो धाकट्या बहिणीच्या लग्नात विकावा लागला. आईचा रिकामा गळा मी विसरलो नाही, असं म्हणताना त्याचा आवाज भरून आला. ते खोटं नव्हतं. म्हणाला, की तीस वर्षं मी जे एकेक करून जमवलं ते आज माझ्या लेकीच्या गळ्यात घालतोय. मग त्याने डबा उघडला. अडीचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोणी कोणी डोळे पुसले.

मी हाराच्या मध्यभागी होते. देविकाच्या गळ्यातून मला सुप्रभा दिसत होती, दुसऱ्या रांगेत, अंशुमनच्या आईशेजारी. टाळ्या वाजवायला तिचे हात वर आलेले होते आणि तिथेच थांबले. दहा पावलांवरून तिने आम्हाला ओळखलं.

ती उठून आली. मुलीचा पदर सारखा करायचं निमित्त केलं आणि मला बोटांत धरलं. काठाला. उलटं करून पाहिलं, परत सुलट केलं, अंगठ्याच्या नखाने कडीच्या बुडाशी चाचपलं. तिथे काय असायला हवं होतं ते जगात तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. मग तिने डावीकडच्या तीन पाहिल्या, उजवीकडच्या तीन पाहिल्या. देविकाकडे पाहून ती म्हणाली, "छान दिसतेस," आणि हळूहळू चालत हॉलच्या मागच्या खोलीत गेली.

लोक जेवायला बसले तशी देविका साडी बदलायला त्या खोलीत आली. तिच्यामागून श्रीनिवासही आला. त्याला कौतुक हवं होतं. सुप्रभा खुर्चीत बसली होती.

"काय, कसं वाटलं सरप्राइज?" त्याने विचारलं.

"तुम्ही मला विचारलं का नाही?" ती म्हणाली.

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं? आणि तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुम्हाला माहीत होतं."

तो गडबडला. मग समजूत घालायला लागला. सोनं कुठे गेलंय, सातच्या सात इथेच आहेत, उलट चकचकीत झालीत. सात एकसारखी नाणी खणात ठेवून करायचं तरी काय होतं? पोरीच्या अंगावर शोभून दिसली, चार लोकांनी पाहिली.

"ती एकसारखी नव्हती," सुप्रभा म्हणाली. "सव्वीस वर्षं मी हेच सांगत होते. तुमच्यासमोर सांगत होते. तुम्ही कधी ऐकलंच नाहीत."

देविकाने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. तिचं मराठी घरातल्या घरात शिकलेलं, अडखळत बोलणारं. "बाबा, तू मला बोललास की आईचा आयडिया आहे," ती म्हणाली. "तू बोललास, आईने हो म्हणाली." तिने मानेमागे हात नेला आणि हार काढायला लागली.

सुप्रभाने तिचा हात धरला. "आज राहू दे. फोटो व्हायचेत तुझे. उद्या परत दे मला."

"आई, आय कान्ट वेअर धिस."

"घाल," सुप्रभा म्हणाली. "तुझ्या लग्नात मी काही बिघडू देणार नाही. बिघडवायचं ते बिघडवून झालंय."

श्रीनिवास त्यावर बरंच काही बोलला. इतका मोठा इश्यू करायची ही वेळ आहे का, माझ्या आईचं नाव घेतलं मी, त्याची तरी लाज ठेव. ती ऐकून घेत होती, पण नेहमीचं ऐकणं वेगळं असायचं. त्या वेळी तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. हो, मुलीच्या लग्नाच्या दिवशी तिच्या आईला संतापलेलं पाहून मला बरं वाटलं. बाकी दिवसभर मी त्या गळ्यात लटकून होते आणि हळदीकुंकवाची, श्रीखंडाची बोटं येऊन मला चिवडत होती.

दुसऱ्या दिवशी देविकाने हार परत दिला. ग्लासगोला आल्यावर सुप्रभाने साखळी काढून टाकली आणि आम्हाला खणात ठेवायला गेली. कड्यांमुळे आम्ही त्या खाचांत बसेनात. तिने खण तसाच उघडा ठेवला. मग तिने आपलं अंथरूण देविकाच्या जुन्या खोलीत हलवलं.

लंडनच्या एका जाणकाराने आम्हाला तपासून सांगितलं, की कड्या कापता येतील, पण डागाची खूण राहील, आणि झिलईने गेलेलं परत येणार नाही. पहिल्या तिघींची चीर काठापर्यंत पोचलेली नव्हती, म्हणून ती पुसट का होईना दिसत होती; बाकी चार नाण्यांवरची वाचण्यासारखी उरलेली नव्हती. आणि फोटो होते ते पहिल्या तिघींचेच.

श्रीनिवासला आपण काय केलं ते कळत होतं, असं मला वाटतं. पण मोडलेलं हाड बसवावं तसं तो ते बसवायला बघत होता. एका रविवारी म्हणाला, की मी तुला दुसरी सात आणून देतो, बाजारात जी मिळतील ती.

"त्याच साच्याची?" तिने विचारलं. "त्याच क्रमातली?"

तो पेपर उघडून बसला.

नोव्हेंबरची सभा तिने पुढे ढकलून वसंतात घ्यायला लावली आणि निबंध नव्याने लिहिला. संग्राहकांत एक रीत आहे. नाण्याची नोंद करताना ते कुठून कुठे गेलं, कोणाकडे होतं आणि त्याला काय इजा झाली, ते लिहायचं. तिने आमच्या नोंदी लिहिल्या. त्यांचा कागद जेवणाच्या टेबलावर होता, तो श्रीनिवासच्या हाती पडला. माझ्यापुढे तिने लिहिलं होतं: कडी बसवली आणि झिलई केली, जुलै २००६, इल्फर्ड, डॉ. श्रीनिवास यांच्या सांगण्यावरून, मालकिणीला न विचारता.

तो कागद घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. चेहरा लाल झाला होता. सगळे लोक नुसतं 'पूर्वी कधीतरी कडी बसवलेली' असं लिहितात, तसं लिही, म्हणाला. माझं नाव कशाला? हे छापून येणार. मराठी मंडळात चार लोक वाचणार.

"इतकी वर्षं या कलेक्शनवर तुमचं नाव चालत होतं," सुप्रभा म्हणाली. "तेव्हा तुम्हाला ते खटकलं नाही."

"ते काढ, सुप्रभा."

"नाही."

एवढंच. तिने कागद त्याच्या हातातून घेतला, सरळ केला आणि फाइलमध्ये ठेवला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्याच्यासाठी हा शब्द निघालेला मी ऐकला नव्हता. मागून 'पण' नाही, 'अहो' नाही.

महिन्याभरात तिने विद्यापीठाजवळ एका खोलीचा फ्लॅट भाड्याने घेतला. साठाव्या वर्षी. मायक्रोस्कोप, पुस्तकं आणि आम्ही सात, एवढंच नेलं. मंडळातून फोन आले. मीनल तिची जुनी मैत्रीण, ग्लासगोतल्या पहिल्या दिवाळीपासूनची. ती घरी आली आणि म्हणाली, "अगं, नाण्यांपायी घर मोडतेस? लोक काय म्हणतायत ऐकलंस का?"

सुप्रभा म्हणाली, "नाण्यांपायी नाही. मला विचारावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही, त्यापायी." मग तिने मीनलला चहा केला आणि मायक्रोस्कोपपाशी बसवून आमची पहिली मोहोर दाखवली. मीनल इतकी वर्षं त्या घरात येत होती, पण आम्हाला भिंगातून ती पहिल्यांदाच पाहत होती. पुढच्या आठवड्यात डबा घेऊन परत आली.

२००७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या त्या सभेपुढे सुप्रभाने निबंध वाचला. साधा आवाज. पहिल्या तीन नाण्यांची चीर पडद्यावर मोठी करून दाखवली. मग चौथा फोटो आला. माझा, कडीसकट. आणि जे लिहिलं होतं ते तिने शब्दन् शब्द वाचलं, नवऱ्याच्या नावासकट. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं, की कड्या कापून का टाकत नाही? तिने उत्तर दिलं, "कापल्या तर हे झालंच नाही असं दिसेल. झालंय."

आता मी ग्लासगोच्या एका संग्रहालयात आहे. सुप्रभाने आम्हाला प्रदर्शनासाठी उसनं दिलंय. काचेच्या पेटीत सात जणी ओळीने, प्रत्येकीच्या डोक्यावर कडी, आणि खाली छापील पट्टी, तीच नोंद. पोरं येतात, 'नेकलेस' म्हणतात. मोठी माणसं पट्टी वाचतात, परत एकदा वाचतात, आणि एकमेकांकडे पाहतात. नवराबायको असतील तर जास्तच. देविका ग्लासगोला आली की दर खेपेला येते. मागच्या वेळी तिने अंशुमनला रेघेबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं, इंग्रजीत. तिच्या आईइतकंच अचूक.

गेल्या फेब्रुवारीत श्रीनिवास आला. एकटाच, लांब कोट घालून, जरा वाकलेला. पट्टी वाचली. मग त्याने तिथल्या बाईला बोलावून विचारलं, की यातली एक ओळ बदलता येईल का.

ती अदबीने म्हणाली, "सॉरी सर. ते मालकिणीला विचारावं लागेल."

तो मान हलवून गेला. सुप्रभा दर गुरुवारी दुपारी इथे येते, हे ग्लासगोतल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. गुरुवारी तो अजून आलेला नाही.

माझा राग गेला का, असं कोणी विचारेल. गेला नाही. माझी कातडी परत येणार नाही, ती रेघ परत येणार नाही, आणि मला ते विसरायचंही नाही. मला कोणाची कीव नको. पाहायला जरूर या, काचेपाशी वाका, पहिल्या तिघींची चीर डोळे भरून बघा. हातात घ्यावंसं वाटलं तर गुरुवारी या आणि तिला विचारा. नाही म्हणाली, तर तेच उत्तर समजा.